थांबायचं तर सगळ्यांनी

उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिरात २५० रुपये भरले की 'शीघ्र दर्शना'च्या रांगेत उभं राहता येतं. पहाटे चारच्या भस्मारतीला बसायचं तर आधी नोंदणी लागते. ती ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी श्रावणात आणि इतर गर्दीच्या दिवसांत 'चलित भस्मारती'ची सोय केली जाते. म्हणजे चालत चालत दर्शन घ्यायचं, पाऊल थांबवायचं नाही. मागून माणसांचा लोंढा येत असतो आणि कठड्याजवळचा सेवेकरी 'चलो, चलो' म्हणत असतो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मंदिरालगतच्या 'महाकाल लोक' या नव्या परिसराचं लोकार्पण झालं आणि या गावाची गर्दी कितीतरी पटींनी वाढली. सुट्टीच्या दिवशी लाखाच्या पुढे माणसं येणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

त्यात महाराष्ट्रातून येणारी कुटुंबं बरीच. त्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून किंवा नाशिकहून निघायचं, शनिवारी महाकाल, हरसिद्धी, काळभैरव, मंगळनाथ आणि सांदीपनी आश्रम उरकायचं, रविवारी ओंकारेश्वर करून रात्रीची गाडी पकडायची आणि सोमवारी सकाळी ऑफिसला हजर व्हायचं. इ-रिक्षावाल्याशी पहिलं बोलणं असतं ते 'सगळं किती वाजेपर्यंत होईल?' हेच. विसाव्यासाठी निघालेली माणसं विसाव्याचंही वेळापत्रक करून धावत असतात. यात त्यांचा दोष मानायचं काही कारण नाही. वर्षातून मिळणाऱ्या मोजक्या रजेत देव, मुलांची हौस आणि वृद्ध आईवडिलांची इच्छा एवढं सगळं बसवायचं, तर दुसरं होणार तरी काय?

घाईबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा माणसालाच धारेवर धरतो. 'तुला नियोजन जमत नाही', 'सकाळी लवकर ऊठ', 'ध्यान कर', 'मोबाइल बाजूला ठेव'. सल्ले चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. कारण घाई ही एकट्याची सवय क्वचितच असते. ती साखळी असते. वरिष्ठांनी रात्री दहाला मेसेज टाकला म्हणून हाताखालचा माणूस सव्वादहाला उत्तर देतो; त्याने दिलं म्हणून तिसरा साडेदहाला जागा राहतो. एकाने हात काढून घेतला तर तो मागे पडतो. सगळ्यांनी एकदम काढला तर कुणीच पडत नाही. आजवर जिथे जिथे घाईला खरोखर आळा बसला तिथे तो असाच, मिळून ठरवल्यामुळे बसलेला दिसतो. याची उदाहरणं उज्जैनमध्ये आहेत, मुंबईच्या गिरणगावात आहेत आणि सांगली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातही आहेत.

पण आधी घाई माणसाचं काय करते ते पाहायला हवं, कारण थकवा आणि चिडचिड हे फक्त वरवर दिसणारं नुकसान आहे.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं होतं. काहींच्या भाषणाचा विषयच रस्त्यात पडलेल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. वाटेत एका दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, 'अजून वेळ आहे, निवांत जा.' काहींना सांगितलं, 'उशीर झालाय, ते तुमची वाट पाहतायत.' निवांत निघालेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी त्या माणसासाठी थांबले. घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. डोक्यात कोणतं भाषण घोळतंय याने विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. हे विद्यार्थी दगडाच्या काळजाचे नव्हते. उशीर झाल्याचं एक वाक्य त्यांना पुरलं.

स्वयंपाकघरातून ओरडणारी आई, सिग्नलवर हॉर्न वाजवणारा गृहस्थ, रुग्णाचं बोलणं अर्ध्यात तोडणारा डॉक्टर यांच्याकडे या प्रयोगानंतर जरा वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट व्यत्ययाची. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २००८ मध्ये आला. ईमेलना उत्तरं देण्याचं काम करणाऱ्यांना मध्येमध्ये फोन आणि निरोप येत राहतील अशी व्यवस्था केली होती. अपेक्षा अशी होती की त्यांचं काम रखडेल. झालं उलट. व्यत्यय आलेल्यांनी काम लवकर संपवलं आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. मात्र ताण, वैताग, वेळ अपुरा पडल्याची भावना आणि डोक्याला पडलेले कष्ट या सगळ्यांत ते इतरांपेक्षा वरचढ निघाले. आपल्या ऑफिसांत नेमकं हेच घडतं. काम पूर्ण होतं, म्हणून वरच्यांना सगळं ठीक चाललंय असं वाटतं. किंमत मोजली जाते ती घरी गेल्यावर, झोपेत आणि रक्तदाबात. त्याच्या पुढच्याच वर्षी सोफी लेरॉय यांनी दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. दिवसभर असं अडकत गेलेलं मन संध्याकाळी एका जागी येत नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा सुमारे १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसं दीर्घ कामाच्या तासांशी जोडलेल्या या दोन आजारांनी गेली, असा तो अंदाज आहे.

आता पुन्हा उज्जैनकडे, कारण काळ मोजण्याचा या गावाइतका जुना अनुभव भारतात दुसऱ्या कुठल्या गावाला नसावा. सूर्यसिद्धान्तात आणि त्यानंतरच्या ज्योतिषग्रंथांत पृथ्वीची मध्यरेखा लंकेहून निघून उज्जयिनीवरून जाते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशीबरोबर इथेही वेधशाळा बांधली. ती मोडकळीला आल्यावर १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतली. त्या कामामागे गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती होते आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षकही तेच झाले. आजही ती जिवाजी वेधशाळा म्हणून चालते. १९५७ पासून लागू असलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या गणितात मध्यवर्ती स्थानाचे अक्षांश २३ अंश ११ मिनिटं धरले आहेत, ते उज्जैनचेच.

 

वेधशाळेत जावं आणि सम्राट यंत्रापाशी थोडा वेळ उभं राहावं. मधोमध उत्तरेकडे चढत जाणारी पायऱ्यांची तिरपी भिंत, तिचा कल उज्जैनच्या अक्षांशाइतका. दोन्ही बाजूंना कमानीसारखे वळलेले चौथाई वर्तुळाचे पट्टे, त्यांवर तास आणि मिनिटांच्या खुणा. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेकडच्या पट्ट्यावर पडते, दुपारनंतर पूर्वेकडच्या. जवळच एक कोष्टक लावलेलं असतं: सावलीने दाखवलेल्या वेळेत इतकी मिनिटं मिळवा म्हणजे तुमच्या हातातल्या घड्याळाची वेळ मिळेल. उज्जैनचा स्वतःचा काळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे आहे. शिवाय सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. त्यामुळे इथला खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ११ मिनिटांच्या आसपास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी याच आवारात ८५ फूट उंच मनोऱ्यावर 'विक्रमादित्य वैदिक घड्याळ' सुरू झालं. ते एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ तीस मुहूर्तांत वाटून दाखवतं. मंदिरातही कार्तिक लागला की सकाळच्या आरत्यांच्या वेळा अर्ध्या तासाने बदलतात आणि चैत्रात पुन्हा मागे येतात.

याचा अर्थ जुना काळ निवांत होता आणि नव्या घड्याळाने सगळं बिघडवलं असा काढला तर ती फसगत होईल. आगगाड्या धावायच्या तर गावोगावची वेळ एक हवीच. पण घड्याळाची दोरी कुणाच्या हातात, हा प्रश्न त्याच काळात पहिल्यांदा उभा राहिला आणि तो सर्वांत मोठ्याने विचारला मुंबईच्या गिरणी कामगारांनी.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरण्या सूर्योदयाला सुरू होत आणि दिवेलागणीला बंद होत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठं, तेरा-चौदा तासांचं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. कामगार कोकणातून, साताऱ्यातून आलेले. चाळीत एका खोलीत दहा-बाराजण राहत. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक विचारांचे कार्यकर्ते. 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सर्वांना सुट्टी ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्या काळी हे किती धाडसाचं होतं ते वेगळं सांगायला नको. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखाद्या कामगाराने स्वतःपुरता रविवार घ्यायचं ठरवलं असतं तर सोमवारी त्याच्या जागेवर दुसरा माणूस उभा दिसला असता. सगळ्यांचा रविवार एकच झाला तेव्हाच तो कुणाला हिरावून घेता येईना.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधार पडला म्हणून काम थांबण्याची सोय गेली. तास आणखी वाढले. त्याच वेळी, १ जानेवारी १९०६ पासून, भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ पुढे सरकवलं तर भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार आणि सुटताना मात्र जुनाच हिशेब लावला जाणार, अशी धास्ती कामगारांना वाटली तर त्यात चूक काय? जानेवारीतच काही हजार कामगारांनी मागावर बसायला नकार दिला, गिरण्यांवर दगडफेक झाली, आणि शहरात प्रमाणवेळेविरुद्ध अर्जांवर हजारोंच्या सह्या झाल्या. मुंबई महापालिकेची घड्याळं तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं जुनीच वेळ दाखवत होती. कामाच्या तासांना कायद्याने बांध पडत गेला तो पायरीपायरीने: १९११ मध्ये कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला बारा तास, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस.

या तासांना एक दार होतं. भोंगा वाजला, पाळी सुटली, माणूस दाराबाहेर पडला की मालकाचा त्याच्यावरचा हक्क संपत असे. आज संगणकावर, फोनवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत ते दार उरलेलं नाही. ऑफिसचा ग्रुप जेवणाच्या ताटाशेजारी वाजतो, शाळेचा ग्रुप रात्री साडेनऊला उद्याच्या तक्त्यासाठी रंगीत कागद मागतो, सोसायटीचा ग्रुप पाण्याच्या टँकरचा हिशेब टाकतो. प्रत्येक निरोप स्वतःपुरता लहानच असतो. म्हणूनच कुणालाही आपण दुसऱ्याचा वेळ घेतोय असं वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीतला डबाही आता एका हाताने खाल्ला जातो, दुसऱ्या हाताचा अंगठा पडद्यावर असतो.

हे दार कायद्याने परत बसवण्याचा प्रयत्न फ्रान्सने केला. १ जानेवारी २०१७ पासून तिथे पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक झालं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं. खासगी विधेयकं आपल्याकडे क्वचितच कायद्यापर्यंत पोचतात, हेही खरं. तरी प्रश्न संसदेत गेला याला मोल आहे, कारण त्यामुळे रात्री दहाच्या मेसेजला उत्तर न देणारा कर्मचारी कामचुकार न ठरता हक्क मागणारा ठरतो.

कायद्याची वाट न पाहता एका गावाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, वस्ती तीन हजारांच्या घरात. करोनाच्या काळात मुलांच्या हातात शिक्षणासाठी मोबाइल आले आणि शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी ते हातातून सुटेनात. अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ लागलं आणि घरातली मोठी माणसंही आपापल्या पडद्यात. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत गावातल्या प्रत्येक घरातले मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक हसले, विशेषतः पुरुष मंडळी. संध्याकाळच्या मालिका पाहणाऱ्या बायांना मात्र आधी राजी केलं गेलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. भोंग्यानंतर टीव्ही चालू दिसला तर दार वाजवून आठवण करून दिली. हळूहळू गाव सरावलं आणि आजूबाजूच्या गावांनीही हा प्रघात उचलला.

गिरणगावात भोंगा कामाला बोलवायचा. वडगावात तो हात मोकळे करायला वाजतो. दोन्हीकडे त्याची ताकद एकच: तो सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजतो. 'माझा फोन बंद असेल आणि नेमकं तेव्हाच काही महत्त्वाचं आलं तर?' ही भीती वडगावात दीड तास उरत नाही, कारण पलीकडचाही फोन बंद असतो.

उज्जैनमध्ये २० डिसेंबर २०२२ पासून महाकाल मंदिरात मोबाइल नेण्यास बंदी झाली. हेतू मुख्यतः सुरक्षेचा आणि गर्दी हलती ठेवण्याचा होता. पण बंदीचा एक परिणाम सहज कळण्यासारखा आहे. फोन बाहेर ठेवून आत गेलेल्या माणसाला रांगेत करायला काहीच नसतं. मग तो शेजाऱ्याशी बोलतो, आईला पाणी देतो, मुलाला खांद्यावर घेतो. एकट्याने फोन गाडीत ठेवायचं ठरवलं असतं तर फार थोड्यांना जमलं असतं. नियम सगळ्यांना असल्याने तो कुणालाच जड जात नाही.

मध्य प्रदेश सरकारने २०१६ मध्ये आनंद विभाग स्थापन केला. असा विभाग काढणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याच्या राज्य आनंद संस्थानातर्फे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 'अल्पविराम' नावाचा कार्यक्रम घेतला जातो. ऑफिसातल्याच माणसांनी एकत्र बसायचं, काही वेळ गप्प राहायचं, स्वतःला काही प्रश्न विचारायचे: आज कुणाला मदत केली, कुणाचं मन दुखावलं, कुणाशी बोलणं तुटलंय. मग ज्याला वाटेल त्याने ते सांगायचं. हे काम स्वयंसेवक करतात, त्यांना 'आनंदक' म्हणतात. सरकारी योजना म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण कल्पनेचा गाभा सच्चा आहे. कामाच्याच जागी, कामाच्याच वेळेत, साहेब आणि शिपाई एकाच वेळी थांबणं, ही मुभा एरवी कर्मचाऱ्याला कुणी देत नाही. खाजगी कंपन्या योगदिनाला चटया अंथरतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊची मीटिंग लावतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, अर्धा तास का होईना, पण सर्वांचा एकत्र विराम कितीतरी बरा.

आणि उज्जैनची पंचक्रोशी यात्रा. तिथल्या पंचांगाप्रमाणे वैशाखाच्या कृष्ण दशमीला निघून अमावास्येला संपणारी, ११८ किलोमीटरची पायी परिक्रमा, तीही माळव्याच्या कडक उन्हात. येणारे बहुतेक खेड्यातले. गहू घरात आलेला, पुढच्या पेरणीला अवकाश. डोक्यावर गाठोडं, त्यात कणीक, डाळ, थोडं तूप. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून यात्रेकरू त्याच्याकडून चालण्याचं 'बळ' मागून घेतात. मग पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल, उंडासा असे पडाव. पहाटे आणि संध्याकाळी चालायचं, ऊन चढलं की झाडाखाली पथारी टाकायची, गोवऱ्यांच्या आरावर बाट्या भाजायच्या. परत आल्यावर पुन्हा नागचंद्रेश्वरापाशी जायचं आणि मातीचे घोडे वाहून घेतलेलं बळ परत करायचं.

बळ परत करायचं असतं, ही समजूत फार मोलाची आहे. अंगातली ताकद अखंड आपल्या मालकीची नाही, ती काही दिवसांसाठी मिळते आणि मग भरून यायला वेळ द्यावा लागतो, हे त्या शेतकरी बायकांना कुणी कार्यशाळेत शिकवलेलं नाही. घाई इथेही शिरलीय. ठरलेल्या तिथीआधी निघू नका असं प्रशासन सांगत असतं, तरी कित्येक जथे एक दिवस आधीच वाट धरतात आणि पडावांवरची पाण्याची, दवाखान्याची सोय कोलमडते. तरीही चालण्याला धावण्याचं रूप देणं ११८ किलोमीटरमध्ये कुणालाच शक्य नसतं. पाय ते होऊ देत नाहीत.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. रस्ते रुंद होताहेत, घाट वाढताहेत. येणारी कोट्यवधी माणसं वेगाने पुढे कशी सरकतील याचा विचार यंत्रणा करते आहे आणि तो तिने करायलाच हवा. चेंगराचेंगरीचा इतिहास विसरून चालणार नाही. पण तितकाच विचार या माणसांना बसायला सावली कुठे मिळेल याचाही व्हायला हवा. चालणारा माणूस दमतो तो बसायला जागा नसल्यामुळे.

शेवटी घरातली गोष्ट, जिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. शिवाय अशी कामं करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात फार कमी. म्हणजे बाईची घरातली ही पाळी सरासरी जवळजवळ पाच तासांची असते आणि तिला भोंगा नाही, रविवार तर नाहीच. रविवारी उलट पाहुणे, नाश्त्याला पोहे, दुपारी साग्रसंगीत जेवण. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही स्वयंपाकघरात पोचलेली नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ वडगावात काय किंवा डोंबिवलीत काय, भाकऱ्या थापण्याची आणि कुकर लावण्याची असते. त्या वेळेत बाकीच्यांनी फोन ठेवून शांत बसायचं आणि एकीने ओट्यापाशी उभं राहायचं, असा विराम कितीही गोड वाटला तरी अर्धाच.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या घरांना एक विनंती आहे. मोठे संकल्प नकोत. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून रोजचा एक तास ठरवा. त्या तासात सगळ्यांचे फोन एका टोपलीत जातील आणि स्वयंपाकघरातलं काम जेवढी माणसं तेवढ्यांत वाटलं जाईल. ऑफिसात ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी रात्री आठनंतर निरोप न पाठवण्याचं आपल्या ग्रुपवर लिहून जाहीर करावं आणि आधी स्वतः पाळावं. शाळेने रंगीत कागद दोन दिवस आधी मागावा. पाळायला जड जाईल, पहिले काही दिवस विसरायला होईल. वडगावातही दारं वाजवावी लागलीच होती.